हातोडा, ऐरण

तुझ्या जबड्याच्या मागच्या टोकाशी
दोन हाडं आहेत, मसुरीएवढी.
त्यांच्यापर्यंत पोचायला मला सात महिने लागले.

हवेच्या सुईने दगड उडवत जायचं,
दिवसाला नखभर.
सुई किंचाळते. एकतीस वर्षं किंचाळतेय.
डाव्या कानात आता फक्त कारूचा वारा राहिलाय,
वारा पडलेला असला तरी.

डॉक्टर मोनवाबिसी मखांडाहून येतो.
पोरगाच आहे अजून, पण समजूतदार,
न सांगता माझ्या उजव्या बाजूला उभा राहतो.
आन्टी राखेल, म्हणाला, हीच ती.
याच्या, नाहीतर याच्या कुणा चुलत्याच्या वंशात
ही दोन हाडं जबडा सोडून सरकत गेली,
झिजत झिजत कानात जाऊन बसली.
एकाचा हातोडा झाला, एकाची ऐरण.
रिकीब तेवढी आधीपासून तिथे होती,
वाट बघत.

म्हणजे चावणारं ऐकायला लागलं, मी म्हटलं.
किती वेळ लागला?
आठ-दहा कोटी वर्षं धरा, तो म्हणाला,
जणू टपालाला उशीर झाला होता.

मग त्याने कार्ड पुढे सरकवलं.
वर्ग. गण. कुळ. प्रजाती. जाती.
वर्गात काय लिहू?
तिथेच तर भांडण आहे, आन्टी.
जुनी पुस्तकं याला सरपटणारा म्हणायची,
नवी तसं म्हणत नाहीत.
दाढा बघा, प्रत्येक वेगळी, कामं वाटून घेतलेली.
थुथनावर ही बारीक भोकं.
मिशा असतील. नसतीलही.
एक केस सापडला असता ना, नुसता एक केस,
तर बोलता आलं असतं.

केस.
माझ्या आईला ग्राफ-रेनेटच्या कचेरीत
भिंतीशी उभं केलं होतं, तेव्हा मी झाले नव्हते.
केसांत पेन्सिल खोवली. म्हणाले, मान हलव.
पडली तर एक रकाना, अडकली तर दुसरा.
आईची अडकली.
मावशीची घरंगळत गेली साहेबाच्या बुटापाशी.
एका दुधावर वाढलेल्या दोघी,
संध्याकाळपर्यंत दोन वर्गांत.
पुढे मावशी बाजारात दिसली
तर दुकानाच्या काचेतला माल निरखत राहायची,
आई वळणावर दिसेनाशी होईपर्यंत.
त्या दुकानात खिळे आणि कुलपं विकायचे.

मोनवाबिसी काही बोलला नाही.
त्याच्या आजोबांच्या खिशात वेगळं पुस्तक असायचं.

तो गेल्यावर मी सुई पुन्हा लावली.
तू बिळात वेटोळं करून आहेस,
शेपूट नाकाशी.
परवा पोटाजवळचा दगड उडवताना
आणखी एक कवटी लागली,
माझ्या अंगठ्याच्या पेराएवढी,
तुझ्या बरगड्यांना टेकलेली.
मी अजून कुणाला सांगितलेलं नाही.
दूध होतं का, दगडाला विचारून उपयोग नाही.
पुराचा गाळ आत शिरला
तेव्हा तोंड दाराकडे होतं तुझं, आणि तू हलली नाहीस,
एवढंच मला दिसतं.
(नर की मादी तेही ठाऊक नाही.
मी आपली म्हणते, तू हलली नाहीस.)

कार्ड पेन्सिलीनेच लिहायचा नियम आहे, शाई उडते.
मी लिहिलं: दोन. एकाच बिळात.
वरचे पाच रकाने त्याच्यासाठी ठेवले.
पेन्सिल हातात होती, सवयीने
केसांत खोवायला गेले,
आणि टेबलावर ठेवली.

तुझ्यासारखी जनावरं म्हणे
जबडा जमिनीला टेकवून ऐकायची,
किड्याची पावलं, ओढ्याला आलेलं पाणी,
हाडातून हाडात.

दारात कुणीतरी उभं आहे.
बहुतेक जेवायला बोलावतंय.
मी सुई बंद करते
आणि त्याच्या जबड्याकडे बघते.